मोरीचे पाणी कुठे जाते?

नाशिककडे गोदावरीला गोदावरी म्हणणारी माणसे थोडी. जुनी माणसे तिला 'गंगा' म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो," असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला समजते, हा रामकुंडाकडे निघाला.

त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरी नावाचा डोंगर आहे. तेथे ही नदी उगम पावते. तेथून ती १,४६५ किलोमीटर वाहत जाते आणि आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. एवढी मोठी नदी, पण तिचे बाळपण आपल्या जिल्ह्यात जाते. येथे ती जशी असेल, तशीच पुढच्या लोकांच्या हाती पडते.

नदी घाण झाली आहे, हे सगळेच म्हणतात. पारावर म्हणतात, एस. टी. मध्ये म्हणतात. "कोणी केली?" असे विचारले की बोट दुसऱ्याकडे जाते. गावचा माणूस शहराकडे बोट दाखवतो. शहरचा माणूस कारखान्याकडे दाखवतो. कारखानदार म्हणतो, शहराच्या गटारांकडे बघा. ही बोटे अगदीच खोटी आहेत असे नाही. पण आज आपण दुसरीकडून सुरुवात करू. आपल्या घरातल्या मोरीपासून सुरुवात करू.

पाटी घ्या आणि गणित मांडा

तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. तर पाटी घ्या.

गावात नळाचे पाणी देताना सरकार एका माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरते. २०१९ साली 'जल जीवन मिशन' ही योजना सुरू झाली, तिच्यात हाच आकडा आहे. घरात पाच माणसे असली तर ५५ गुणिले ५, म्हणजे २७५ लिटर झाले.

यातले आपण पितो किती? फार थोडे. बाकीचे आंघोळीला, धुण्याला, भांड्यांना जाते. आत आलेल्या पाच हंड्यांपैकी साधारण चार हंडे पुन्हा मोरीतून बाहेर पडतात. म्हणजे २७५ लिटरपैकी २२० लिटर पाणी घराबाहेर गेले. तेही आले तसे गेले नाही. साबण, राख, खरकटे, तेल, मळ घेऊन गेले.

आता गाव धरा. ३०० घरांचे गाव. २२० गुणिले ३००. उत्तर आले ६६,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर असतो ना? तसे साडेसहा टँकर. रोज! उन्हाळ्यात एका टँकरसाठी आपण दोन दोन दिवस वाट पाहतो, आणि त्याच गावातून रोज साडेसहा टँकर पाणी खराब होऊन निघून जाते.

आणि गणिताची एक गंमत आहे. या ६६,००० लिटरमध्ये गावातल्या कोणाचाच भाग मोठा नाही. प्रत्येकाला वाटते, माझ्या दोन बादल्यांनी काय होणार? तीनशे घरे हेच म्हणतात. म्हणून तर साडेसहा टँकर भरतात.

पाण्याचा रस्ता

मोरीतून पाणी गल्लीत येते. गल्लीत खड्डा असला तर तेथे साचते. तेथे डुकरे लोळतात, डास होतात. (एक गोष्ट ध्यानात ठेवा. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. तो घरातल्या रांजणात, टाकीत, जुन्या टायरात साचलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासायची व कोरडी करायची, हे वेगळेच काम आहे. गटार साफ केले म्हणून ते काम चुकत नाही.)

खड्डा भरला की पाणी पुढे सरकते. गल्लीतून नाल्यात जाते. नाला ओढ्याला मिळतो. वाटेत विहीर असेल तर काही पाणी जमिनीतून विहिरीत पाझरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला गावात हगवण येते, कावीळ येते, विषमज्वर येतो. बायाबापड्या म्हणतात, "हवा बदलली." हवा बदलते हे खरे. पण पुष्कळदा विहिरीचे पाणीच बदललेले असते.

ओढा शेवटी नदीला मिळतो. दारणा, कादवा, बाणगंगा या नद्या कोणाच्या? त्याही गोदावरीच्याच. तुमचे गाव गोदावरीपासून चाळीस मैल लांब असले, तुम्ही वर्षातून एकदा पर्वणीलाच तिचे दर्शन घेत असलात, तरी तुमच्या मोरीचे पाणी तिला कदाचित रोज भेटत असेल.

आता नदीबरोबर खाली चला. नाशिकच्या वर गंगापूरचे धरण आहे. हे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. नाशिक शहर त्याचे पाणी पिते. नदी शहरात येते. शहरातली नासर्डी तिला मिळते, वाघाडी मिळते. शहराची गटारे मिळतात. मग नदी निफाड तालुक्यात शिरते. चांदोरी, सायखेडा ही गावे लागतात. पुढे नांदूरमध्यमेश्वर. तेथे कादवा येऊन मिळते आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बांधलेला बंधारा आहे. तेथून कालव्यांनी पाणी कोपरगावकडे जाते. नदीचे पाणी आणखी खाली पैठणला जायकवाडीच्या धरणात जाते. ते छत्रपती संभाजीनगरचे लोक पितात.

पाहा म्हणजे झाले. वरच्या गावाने वापरून टाकलेले पाणी हेच खालच्या गावाचे पाणी. नाशिकने आणि नगरने मराठवाड्याला किती पाणी सोडायचे, यावर मोठी भांडणे होतात. मोर्चे निघतात, कोर्टात जातात. ते पाणी कसे सोडायचे, स्वच्छ की घाण, यावर कोणी तेवढ्या जोराने भांडलेले दिसत नाही. मला हे नवल वाटते.

पाणवेल कशावर वाढते?

सायखेड्याच्या पुलावर कधी उभे राहिलात का? काही महिने तेथे नदीत पाणी दिसतच नाही. हिरवेगार रान दिसते. नवखा माणूस म्हणेल, "अरे वा! काय सुंदर गवत आहे!" जांभळी फुलेही येतात. पण ते गवत नव्हे, ती पाणवेल आहे. कोणी तिला जलपर्णी म्हणतात.

ही मूळची आपल्या देशातली नव्हे. दक्षिण अमेरिका नावाचा मुलूख समुद्रापार फार लांब आहे. तिथल्या नद्यांत ती वाढते. फूल सुंदर म्हणून लोकांनी ती देशोदेशी नेली. आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी ती बंगालमध्ये आली आणि तिथून पसरली. तिच्या देठात हवा भरलेले फुगे असतात. म्हणून ती बुडत नाही, तरंगत जाते. एका रोपाच्या फुटव्यातून दुसरे रोप होते. ऊन चांगले असले आणि खायला भरपूर मिळाले, तर साधारण पंधरा दिवसांत ती दुप्पट होते. आज एक एकर, पंधरवड्याने दोन, महिन्याने चार. सावकाराचे व्याजसुद्धा इतके वेगाने वाढत नाही! तिचे बी तळच्या चिखलात पडले तर वीस वीस वर्षे जिवंत राहते.

पण "खायला भरपूर मिळाले तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाणवेल काय खाते?

तुम्ही शेतकरी आहात. पिकाला काय लागते हे तुम्हाला सांगायला नको. नत्र लागते, स्फुरद लागते, पालाश लागते. पाणवेलीलाही तेच लागते. मग नदीत तिला हे खत कोण घालते? आपणच घालतो. माणसाच्या मलमूत्रात नत्र असते. खरकट्यात असते. कपडे धुण्याच्या काही पुडींत स्फुरद असते. शेतात टाकलेल्या युरियातला सगळा भाग काही पिकाच्या पोटात जात नाही. बराचसा पाण्याबरोबर निघून जातो. शेतातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. आपण नदीला रोज खताचा डोस देतो आणि वर म्हणतो, पाणवेल फार माजली!

माजल्यावर ती काय करते? पाण्यावर गोधडी घातल्यासारखी पसरते. खाली ऊन जात नाही, वारा लागत नाही. माशांना पाण्यातला प्राणवायू मिळत नाही. ते मरतात. कोळ्यांचे जाळे टाकायला जागा उरत नाही. डासांना मात्र आयते घर मिळते. पूर आला म्हणजे ही सगळी गोधडी वाहत येते आणि पुलाला अडकते. मग पाण्याला फुगवटा येतो. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात गोदावरीला महापूर आला होता. चांदोरी आणि सायखेडा या गावांत पाणी शिरले. पूर पावसाने आला, पाणवेलीने नव्हे. पण पुराच्या वेळी पुलाला अडकलेली वेल काढायला लागणे, हे काम त्या गावांना नवे नाही. ती वेल जिथे वाढली तिथल्या माणसांना कोणी ती काढायला बोलावत नाही.

पाणवेल काढता येते. यंत्रे लावून काढतात. काठावर वाळवून तिचे खत करतात. ते चांगलेच आहे. पण वरून खत येत राहिले तर काढलेली वेल परत येते. बांधावरची हरळी खणून काढायची आणि रोज तिला पाणीही घालायचे, असा हा प्रकार आहे.

शहराचा वाटा, आपला वाटा

कोणी म्हणेल, "अहो, एवढे मोठे नाशिक शहर. लाखो माणसे. त्यांची घाण सोडून तुम्ही आमच्या मोरीच्या मागे का लागलात?"

प्रश्न रास्त आहे. आकडा पाहिला तर शहराचा वाटा मोठाच आहे. शहरात माणशी पाणी जास्त लागते. एका माणसाला रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे गावच्या माणसाच्या जवळजवळ अडीचपट. देशातल्या नद्यांत जे घाण पाणी येते, त्यात सर्वांत जास्त भरणा घरांच्या सांडपाण्याचाच असतो. कारखान्यांचे पाणी त्याहून कमी. पण ते जास्त विषारी असू शकते. तेव्हा कारखान्याला कोणी माफी देऊ नये. १९७४ साली पाणी घाण करण्याविरुद्ध कायदा झाला आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. ओढ्यात रंगीत किंवा फेसाळ पाणी दिसले, मासे मेलेले दिसले, तर ग्रामपंचायतीने त्या मंडळाकडे लेखी तक्रार करावी. तारीख लिहावी, जागा लिहावी, फोटो जोडावा. आता तुम्हाला लिहिता येते. हा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायची गरज नाही.

शहराने सांडपाणी साफ करायची केंद्रे बांधली आहेत. तपोवनात आहे, आगरटाकळीला आहे, आणखीही आहेत. तिथे घाण पाणी मोठमोठ्या टाक्यांत घेतात. गाळ खाली बसू देतात. मग पाण्यात हवा सोडतात. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव त्या हवेवर जगतात आणि घाण खाऊन टाकतात.

हेच काम नदी स्वतःही करते. नदीच्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. तोच घेऊन बारीक जीव घाण कुजवतात आणि पाणी पुन्हा निवळते. आपले आजोबा म्हणत, "वाहतं पाणी निर्मळ." ते खोटे बोलत नव्हते. त्या वेळी माणसे थोडी होती. एका घरात चार भाकरी असल्या आणि दोन पाहुणे आले तर भागते. चाळीस आले तर? पाहुणे उपाशी आणि घरचेही उपाशी. नदीतला प्राणवायू त्या चार भाकरींसारखा आहे. घाण फार झाली की तो संपतो. मग मासे तडफडतात आणि पाण्याला वास सुटतो.

शहराच्या केंद्रांनी घाण पुष्कळ कमी होते. पण साध्या केंद्रातून नत्र आणि स्फुरद पुरते निघत नाही. जे गटार केंद्रापर्यंत पोचतच नाही, नाल्यातून सरळ नदीत जाते, त्याचे तर काहीच होत नाही. शहराच्या लोकांनी आपल्या नगरसेवकाला याचा जाब विचारलाच पाहिजे. तो त्यांचा वाटा.

गावात असे केंद्र नसते. बहुतेक गावांत ते परवडणारही नाही. पण गावाला एक गोष्ट आहे, जी शहराला नाही. जागा! घरामागे चार हात जमीन आहे. शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईने कितीही मनात आणले तरी तिला आपल्या मोरीचे पाणी स्वतः जिरवता येत नाही. तुम्हाला येते. म्हणून मोरीच्या मागे लागलो.

आणि हे नुसते उपकाराचे काम नव्हे. आपल्या राज्यघटनेत ५१-क नावाचे कलम आहे. ते १९७६ साली घातले. त्यात नागरिकांची कर्तव्ये लिहिली आहेत. रान, तळी, नद्या यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले आहे. मताचा हक्क ज्या पुस्तकात लिहिला आहे, त्याच पुस्तकात हेही लिहिले आहे.

फवारणीचा पंप कुठे धुता?

आपला जिल्हा द्राक्षांचा, कांद्याचा, टोमॅटोचा. फवारणी केल्याशिवाय द्राक्षे हाती लागत नाहीत, हे मान्य. पण फवारणी झाल्यावर पंप कुठे धुता? पुष्कळ जण ओढ्यावर नेतात किंवा विहिरीच्या काठी धुतात. पाणी जवळ असते म्हणून सोय वाटते. पण काही औषधे अशी असतात की त्यांच्या थोड्या अंशानेही मासे मरतात. आणि विहिरीच्या काठी सांडलेले औषध पहिल्या पावसाने विहिरीत उतरते. त्याच विहिरीचे पाणी बैल पितात, मजूर पितात, आपली मुले पितात.

पंप धुण्याची जागा म्हणजे शेत. रिकामी बाटली तीनदा पाण्याने विसळावी. विसळलेले पाणी पंपातच ओतावे आणि पिकावरच फवारावे. औषधाचा एक थेंब फुकट जात नाही, ओढाही वाचतो. मग बाटलीला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे कोणी ती परत वापरणार नाही. त्या बाटलीत रॉकेल भरणे, गोडे तेल आणणे, हे तर विषाची परीक्षा पाहणे आहे. बाटल्या जाळूही नयेत. तो धूर वाईट असतो. त्या वेगळ्या पोत्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात आणि गोळा करण्याची सोय कुठे आहे ते दुकानदाराला व कृषी सहायकाला विचारावे.

खताचेही तसेच. युरिया एकदम ओतण्यापेक्षा थोडा थोडा, पीक मागेल तसा द्यावा. मोठा पाऊस येणार अशी चिन्हे असली तर त्या दिवशी देऊ नये. माती तपासून घेतली तर किती द्यायचे हे कागदावर लिहून मिळते. नदीसाठी नको, पैशासाठी करा. वाहून गेलेल्या खताचे पैसे तुम्हीच दिलेले असतात.

देवाची फुले

हा विषय नाजूक आहे. गंगेत फुले सोडणे, निर्माल्य सोडणे ही आपली जुनी रीत. त्यामागची श्रद्धा कोणी मोडू नये. पण जुन्या काळी निर्माल्यात फक्त फुले आणि बेलाची पाने असत. आता निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत येते आणि पिशवीसकट पाण्यात जाते. फुले कुजतात, पिशवी कुजत नाही. २०१८ साली महाराष्ट्राने अशा पिशव्यांवर बंदी घातली. तरी त्या दिसतात, कारण आपण बाजारात जाताना घरून कापडी पिशवी नेत नाही.

निर्माल्य तुळशीच्या किंवा झाडाच्या बुडाशी घातले तर त्याचे खत होते. देवाला वाहिलेले फूल पुन्हा फुलालाच मिळते. गणपतीच्या दिवसांत नाशिकला नदीकाठी निर्माल्य वेगळे घेण्याची आणि मूर्ती नदीत न सोडता जमा करण्याची सोय असते. पुष्कळ भाविक आता तसेच करतात. शाडूची छोटी मूर्ती आणून घरी बादलीत विसर्जन करणारेही आहेत. गणपतीबाप्पा त्यांच्यावर रागावल्याचे ऐकिवात नाही.

गाडगे महाराजांनी नाशिकला धर्मशाळा बांधली, हे तुम्हाला ठाऊक असेल. देवाला भेटायला येणाऱ्या गोरगरिबांची सोय व्हावी म्हणून ती बांधली. महाराज स्वतः मात्र गावात आले की आधी खराटा हातात घेत.

शोषखड्डा असा करा

आता मूळ कामाकडे येऊ. मोरीचे पाणी घरामागेच जिरवायचे. त्याला शोषखड्डा म्हणतात. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाने घरोघर असे खड्डे केले. गटारे उघडी राहिली नाहीत, डासांचा त्रास गेला. पुढे ते पाहून पुष्कळ गावांनी तसे केले. या कामाला रोजगार हमीतून पैसेही मिळतात. ग्रामसेवकाला विचारा.

आधी जागा निवडा. विहिरीपासून आणि हातपंपापासून निदान पन्नास फूट लांब. घराच्या पायाला चिकटून नको. जनावरे फिरतात तिथेही नको.

मग जमीन कशी आहे ते पाहा. फूटभर खोल छोटा खड्डा करा आणि पाण्याने भरा. दोन-चार तासांत पाणी जिरले तर जमीन चांगली. मुरमाड जमिनीत पाणी भराभर जिरते. निफाडकडच्या काळ्या जमिनीत मात्र दिवस गेला तरी पाणी तसेच उभे राहते. अशा ठिकाणी शोषखड्ड्याचा हट्ट धरू नये. तिथे परसबाग करावी. मोरीचे पाणी पन्हळीने अळूच्या, कर्दळीच्या, केळीच्या वाफ्यात सोडावे. एकच वाफा सारखा भिजू देऊ नये. आज हा, उद्या तो. केळीला पाणी किती लागते हे तुम्ही जाणता. मात्र कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, मेथी या पाण्यावर लावू नये.

जमीन चांगली असली तर चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल असा खड्डा घ्या. तळाला दीड फूट मोठे दगड भरा. त्यावर मधोमध सिमेंटची छोटी टाकी ठेवा. टाकीला वरच्या बाजूने चारी अंगांना भोके हवीत. मोरीचा पाईप या टाकीत सोडा. टाकीच्या भोवती खाली मोठे दगड आणि वर लहान गोटे किंवा विटांचे तुकडे भरा. त्यावर जुने पोते पसरा आणि मातीने झाका. टाकीवर मात्र निघणारे झाकण ठेवा.

हे कसे चालते? पाणी प्रथम टाकीत येते. राख, माती, खरकटे टाकीच्या तळाशी बसते. वरचे निवळलेले पाणी भोकांतून दगडांत जाते आणि दगडांतून जमिनीत मुरते. टाकी ठेवली नाही तर सगळा गाळ दगडांत शिरतो आणि वर्षा-दोन वर्षांत खड्डा तुंबतो. अनेक गावांत शोषखड्डे करून ते बंद पडले, त्याचे कारण बहुधा हेच. योजना आली, खड्डे झाले, फोटो निघाले, आणि गाळ कोणी काढलाच नाही.

संडासाचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका. त्याला दोन खड्ड्यांचा संडास वेगळा असतो. त्याची माहिती वेगळी घ्यावी.

घरात एवढे सांभाळायचे. खरकटे मोरीत जाऊ द्यायचे नाही. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवावी. भांड्यांचे तेल आधी राखेने किंवा कागदाने पुसून घ्यावे. कपड्यांना पूड मोजून घालावी. फेस जास्त आला म्हणजे कपडा जास्त स्वच्छ होतो, असे काही नाही. हे काम घरात कोण करते? बाईच करते. म्हणून हा पाठ एकट्या बुवांनी वाचून भागणार नाही. सासूने सुनेला, सुनेने सासूला वाचून दाखवावा. खड्डा खणण्याचे काम बुवांनी करावे.

टाकीतला गाळ दोन-तीन महिन्यांनी काढावा लागतो. आदल्या रात्रीपासून मोरीत पाणी सोडू नये. सकाळी झाकण काढून थोडा वेळ उघडे ठेवावे. हाताला जुनी पिशवी बांधून डब्याने गाळ काढावा, टोपल्यात घालून उकिरड्यावर टाकावा आणि वर माती लोटावी. अर्ध्या तासाचे काम आहे. पावसाळ्याच्या आधी एकदा काढला पाहिजे, आणि दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा एकदा.